मे महिन्यात तीन रात्री दीव: सासूबाई, मुलं आणि भरतीची वेळ

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार दीवला जायचंय. घरची पाच माणसं. त्यात ६ आणि ११ वर्षांची मुलं, आणि ७२ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. यजमानांचं म्हणणं, एवढ्या लांब चाललोच आहोत तर सोमनाथ आणि गीरचे सिंहही करून टाकू. एवढ्या उन्हात जावं का, कसं जावं, राहावं कुठे आणि येताना आणावं काय?

ताई, गेली बावीस वर्षं मी ठाण्याहून लहान कौटुंबिक सहली काढते. तुमच्या बेतात ठिकाण अगदी बरोबर निवडलंय, वार मात्र साफ चुकलाय. तिथूनच सुरुवात करते.

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला चिकटलेलं बेट, साधारण ११ किलोमीटर लांब आणि ३ किलोमीटर रुंद. मधे एक अरुंद खाडी, तिच्यावर पूल. खाडीच्या अलीकडे, घोघला हे दीवचंच एक गाव सोडलं की गुजरात, म्हणजे दारूबंदी. पलीकडे केंद्रशासित प्रदेश, म्हणजे दारूची दुकानं. एवढं सांगितल्यावर शुक्रवारी संध्याकाळी त्या पुलावर काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. राजकोट, भावनगर, जुनागढहून गाड्यांची रांग लागते, शनिवारी नागव्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि रविवारी दुपारचं जेवण झालं की तीच रांग उलटी फिरते. सोमवारी सकाळी जाल तर हेच का ते गाव असं वाटेल. खोल्यांचे भावही त्याच रांगेबरोबर चढतात आणि उतरतात.

म्हणून शनिवारी दुपारी घरून निघा, रविवारी दीवला पोहोचा, बुधवारी तिथून परत फिरा आणि गुरुवारी सकाळी घरी या. लोक बाहेर पडत असताना तुम्ही आत शिरायचं. यजमानांची रजा दोन दिवस जास्त जाईल, हे खरं. पण शुक्रवार ते सोमवार जायचं आणि तीन रात्री पार्किंग शोधण्यात घालवायच्या, त्यापेक्षा अलिबागला जाऊन या, असं मी स्पष्टच सांगते.

आता जायचं कसं. वांद्रे टर्मिनसहून वेरावळला जाणारी सौराष्ट्र जनता एक्सप्रेस तुमच्यासाठी सगळ्यात सोयीची. बोरिवलीला थांबते, त्यामुळे डोंबिवलीहून वांद्र्यापर्यंत सामान ओढत न्यायला नको. दुपारी बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी वेरावळ. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मेमधल्या जागा भराभर जातात, तेव्हा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गजर लावून बसा. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मिळाला नाही तर डब्यात कुणाशी तरी बदलून घेऊ, या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात प्रत्येक कुटुंबाबरोबर एक आजी असतेच.

स्वतःची गाडी काढायचा विचार असेल तर तो सोडा. सुरतेजवळच्या हजीरा बंदरातून समोरच्या घोघ्याला गाड्या नेणारी फेरी आहे आणि खंभातच्या आखाताला घालायचा मोठा वळसा त्यामुळे वाचतो. माझ्याकडचे बरेच तरुण लोक हौसेने तसं जातात. पण घोघ्याला उतरल्यावर तळाजा, महुवा, राजुला, उना करत दीव गाठायला आणखी निम्मा दिवस लागतो. तीन रात्रींच्या सहलीत हे बसत नाही. आणि एक गंमत सांगते. भावनगरजवळचं बंदर ते घोघा; दीवच्या पुलाअलीकडचं गाव ते घोघला. नकाशात नाव टाकताना एक 'ल' राहिला की माणूस जवळजवळ दोनशे किलोमीटर चुकतो. आमच्या एका गटाचा सामानाचा टेंपो असाच भलत्या गावी जाऊन उभा राहिला होता. रात्री अकरा वाजता मी चाळीस माणसांना टूथपेस्ट वाटत फिरत होते.

विमानतळ बेटावरच आहे, नागव्याच्या जवळ. पण लहान विमानं, मोजक्या फेऱ्या, आणि वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. तुमच्या तारखांना थेट विमान असेल तर जरूर पाहा. फक्त ते रद्द झालं तर दुसरा उपाय काय, हे आधी ठरवून ठेवा.

रेल्वेने गेलात तर सोमनाथचा प्रश्न आपोआप सुटतो. वेरावळ स्टेशनपासून सोमनाथ सहा-सात किलोमीटरवर आहे. स्टेशनवरच दीवपर्यंतची गाडी ठरवा आणि सोमनाथला दोन-अडीच तास थांबायचं, हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. मोबाइल, कॅमेरा, चामड्याचे पट्टे आत नेता येत नाहीत. लॉकरच्या रांगेत सगळ्यांनी उभं राहण्यापेक्षा हे सगळं गाडीतच ठेवा आणि ड्रायव्हरचा नंबर कागदावर लिहून घ्या. फोन गाडीत, गाडी पार्किंगमध्ये आणि नंबर फोनमध्ये, ही फजिती मी पाहिली आहे. आत्ताच्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत तिथे असाल. सासूबाईंना मात्र दुसरं एक देऊळ नक्की दाखवा. मोठ्या मंदिरापासून दोन मिनिटांच्या अंतरावर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ आहे. तिथे गर्दी कमी असते, घटकाभर टेकता येतं. आमच्याकडच्या आज्या मोठं मंदिर पाहून हात जोडतात आणि इथे आल्या की गप्पांना बसतात.

गीर मात्र या खेपेला नको. यजमानांना वाईट वाटेल, पण ऐकाच. जिथून गीरची सफारी निघते ते सासण दीवहून शंभरेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन एक अख्खा दिवस. सफारीचा परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो. उघड्या जीपमध्ये मेच्या उन्हात तीन तास सहा वर्षांच्या मुलाला आणि दुखऱ्या गुडघ्यांना काय होईल, ते मी सांगायला नको. उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यावर येतात, दिसण्याची शक्यता जास्त, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण तीन रात्रींतला एक दिवस सिंहांना आणि एक प्रवासाला दिला तर बेटाला उरलं काय? १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं. दिवाळीनंतर दोघंच जाऊन या.

ऊन. मुंबईकरांना वाटतं गुजरात म्हणजे ४४ अंश. ते आत, राजकोट-अमरेलीकडे. दीवला तिन्ही बाजूंनी वारा असतो आणि मेमध्ये पारा सहसा पस्तिशीच्या आत-बाहेर राहतो. घाम मात्र मुंबईसारखाच. खरी सांभाळायची वेळ म्हणजे अकरा ते चार. दीव मुंबईच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथे मध्यान्ह होते पाऊण वाजण्याच्या सुमारास, आणि मेच्या मध्यावर सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. किल्ल्यावर स्वतःची सावली पायाशी शोधावी लागते. पण सूर्यास्तही सव्वासातच्या आसपास होतो, म्हणजे संध्याकाळ मोठी मिळते. सकाळी सहा ते नऊ बाहेर, दुपारी जेवण आणि पडदे ओढून झोप, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. मुलं दुपारी झोपणार नाहीत म्हणाल. पत्त्यांचा जोड न्या.

राहायला तीन जागा. नागवा किनारा सगळ्यांच्या तोंडी असतो. घोड्याच्या नालासारखा वळलेला, पाणी शांत, पण पाण्यावरच्या मोटारी आणि पॅराशूटवाल्यांचा गलका तिथेच. दीव गावात बंदर रस्त्याच्या आसपास राहिलात तर किल्ला, बाजार, खाण्याची ठिकाणं पायी होतात. तिथे पोहण्याजोगा किनारा मात्र नाही. तिसरं ठिकाण घोघला, खाडीच्या अलीकडे, तांत्रिकदृष्ट्या बेटावर नाही पण दीवचाच भाग. लांबलचक सरळ वाळू, आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाल्यापासून शौचालयं, कपडे बदलायच्या खोल्या असं सगळं नीट ठेवलेलं. सासूबाई बरोबर आहेत म्हणून मी तुम्हाला घोघल्याला ठेवलं असतं. किनाऱ्यावर बाकावर बसून त्यांना नातवंडं दिसतात, आणि खोली लांब नसते. तळमजला मागा. 'लिफ्ट आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. लिफ्टपर्यंत पोहोचायला किती पायऱ्या आहेत, ते विचारा. आणि शनिवारी रात्री गाडीतून हॉटेलला एक फोन करा. रविवारी निघणारे लोक हमखास उशिरा खोली सोडतात, आणि तुम्ही दुपारी बारा वाजता सामानासकट दारात उभे.

आता भरती-ओहोटी. लोक हॉटेलचे फोटो तासभर बघतात आणि ही गोष्ट अजिबात बघत नाहीत.

फुदम गावाजवळ गंगेश्वर आहे. समुद्राच्या कडेला खडकात एक खोबण, खाली उतरायला पायऱ्या, आणि तळाशी पाच शिवलिंगं. पांडवांनी स्थापली असं तिथे सांगतात. पूर्ण भरतीला ती पाण्याखाली जातात. पूर्ण ओहोटीला कोरडी असतात आणि मग नुसत्या पिंडी पाहून परत यायचं. पाहण्यासारखी वेळ मधली. पाणी चढत असतं, एक लाट आत येते, पाचही पिंड्यांवरून फेस पसरतो, दोन क्षण काहीच दिसत नाही, आणि पाणी मागे सरलं की बेलाची पानं पुढच्या पिंडीला चिकटलेली असतात. पुन्हा लाट. मुलं तिथून हलत नाहीत.

माझी आजी गुहागरची. कोकणातलं गणित तिने मला लहानपणी शिकवलं होतं: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत हेच गणित करून अठरा माणसांना गंगेश्वरला नेलं. पायऱ्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी आणि पिंडींचा पत्ता नाही. एका काकांनी विचारलं, "देव बाहेर गेलेत का?" गणित बरोबरच होतं, पण ते आपल्या किनाऱ्याचं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ वेगळी पडते. तेव्हा फोनवर दीवचंच भरतीचं कोष्टक काढा, मुंबईचं नको. एकदा एका दिवसाची वेळ कळली की पुढचं सोपं: भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांनी, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. सासूबाईंनी वरूनच दर्शन घ्यावं, वरून दिसतं.

पोहण्यासाठीही हेच. तारखा मागेपुढे करता येत असतील तर भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि अष्टमीच्या आसपासचे दिवस धरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात येतं आणि त्याहून जोरात ओढत जातं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत ओढ कमी. लहान मुलांना घेऊन पाणी चढत असताना उतरा, ओसरत असताना नको. मेमध्ये वाराही वाढलेला असतो. जीवरक्षक उभे असतील तिथेच उतरायचं, आणि गोमतीमाता किनाऱ्यावर पाण्यात जायचंच नाही. तो सुंदर आहे, निर्जन आहे, आणि म्हणूनच तिथे हाक मारली तर ऐकायला कुणी नसतं.

बाकीचं पाहणं दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी निवांत होतं. किल्ला सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनला घाबरून पोर्तुगीजांशी तहाला तयार झाला, आणि १५३५ मध्ये त्यांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. पुढे दोनच वर्षांत दीवच्याच समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मेला. ११ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगा, मग तोफा जास्त आवडतात. १५३८ आणि १५४६ चे दोन वेढे या किल्ल्याने पचवले. तटावरून समोर खाडीच्या तोंडाशी जहाजासारखा दिसतो तो पाणीकोठा, पाण्यातला छोटा किल्ला. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या दरवाजातून आत जाऊन सावलीत बसावं, तटावर चढायचा आग्रह नको.

गावातून चालताना गोव्याची आठवण येईल, आणि तिला कारण आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्याबरोबरच दीव मुक्त झालं, आणि ३० मे १९८७ पर्यंत त्याचा कारभार पणजीहून चालायचा. गोव्याच्या विधानसभेत दीवचा एक आमदार बसायचा. मधे सगळा समुद्र आणि दोन राज्यांचा किनारा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना 'पणजी' म्हटलं की अजून काहीतरी बोलावंसं वाटतं. सेंट पॉल चर्च आतून पाहा. लाकडी वेदीवरचं कोरीवकाम बघायला दहा मिनिटं द्या.

नायडा गुंफा मुलांना फार आवडतात. दगड काढून काढून झालेली पोकळी, वरून झिरपणारा उजेड, आणि आत बाहेरच्यापेक्षा गार. दुपारी बाहेर पडायचंच असेल तर इथे. आत वाट फुटत जाते, मुलांचा हात सोडू नका.

चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर खुखरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुखरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने दीवच्या समुद्रात बुडवली; १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर राहिले. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे आणि समोर तोच समुद्र. सूर्यास्ताला तिथे गर्दी होते, म्हणून मी साडेपाचला नेते आणि सूर्यास्त दीवच्याच जालंधर किनाऱ्याच्या बाजूने पाहते.

मंगळवारी पहाटे, झेपत असेल तर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला वणाकबारा गाठा. मच्छीमारांचं गाव. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे मेमध्ये शेवटच्या फेऱ्या करून होड्या येत असतात. धक्क्यावर बर्फ फोडायच्या यंत्राचा आवाज, मासे निवडणाऱ्या बायका, टोपल्या, ओरडा. आपल्या ससून डॉकचं धाकटं भावंड. वाटेत रस्त्याच्या कडेला ताडासारखी पण फांद्या फुटलेली झाडं दिसतील, ती होका. ताडाला फांद्या नसतात, हे शाळेत शिकलेल्या मुलांना ते दाखवायला मजा येते.

जेवणाचं जास्त सांगत नाही. शाकाहारी असाल तर गुजराती थाळी कुठेही बरी मिळते. मासे खाणार असाल तर आधी मासा पाहा, वजन आणि भाव ठरवा, मग तव्यावर टाकायला सांगा. आपल्या वाटपाची अपेक्षा ठेवू नका, मसाला वेगळा असतो. सासूबाईंना भाकरी लागत असेल तर बाजरीचा रोटला मागा, त्या खूश होतील.

दारूबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण वेरावळला परत जायचा रस्ता गुजरातमधून आहे. तड आणि अहमदपूर मांडवीच्या नाक्यांवर तपासणी होते. "एकच बाटली, मुंबईला न्यायची आहे" हे तिथे चालत नाही. यजमानांना नीट समजावा.

आणि एक, तारखा मेच्या उत्तरार्धात ढकलू नका. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ नेमकं दीव-उन्याच्याच पट्ट्यात जमिनीवर आलं होतं. दरवर्षी येतं असं नाही, पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून अरबी समुद्राचा भरवसा धरत नाहीत. निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा, आणि खोलीचे पैसे भरताना रद्द केल्यास किती परत मिळतील ते लेखी मागून घ्या.

बुधवारी परतीची गाडी वेरावळहून सुटायच्या किमान साडेतीन तास आधी दीव सोडा. रस्ता दोन-सव्वादोन तासांचा आहे, पण उन्याच्या बाजारात कधी ट्रॅक्टर आडवा येईल सांगता येत नाही.

येताना काय आणायचं? सुके बोंबील. त्या पट्टीत, नवाबंदर-जाफराबादकडे, ते मोठ्या प्रमाणावर वाळवले जातात. घेताना वाकवून पाहा. कटकन मोडला तर नीट वाळलाय, लवचीक राहिला तर आत ओल आहे. दुकानदार पिशवीत भरून देईल, त्यावर विसंबू नका. घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या, बोंबील आधी वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग डब्यात, आणि डबा सामानाच्या अगदी तळाशी. सौराष्ट्र जनताच्या डब्यात समोरच्या बर्थवर बहुतेक वेळा थेपले उघडून बसलेलं शाकाहारी कुटुंब असतं. ते तुम्हाला थेपले देतील, छुंदाही देतील. तोवर तो डबा उघडू नका.